आरशाचा कॅमेरा आणि बिनआरशाचा कॅमेरा : येडशी परिसरातील छायाचित्र-नोंदींच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एका वाघाचे छायाचित्र मिळाले. बालाघाटाच्या रांगेतील हे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे लहानसे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. घाटातील रामलिंगाचे मंदिर, तेथील जटायूची आख्यायिका, श्रावणातील यात्रेकरू, मोर आणि माकडे यांसाठी ते परिचित होते, वाघासाठी नव्हे. अंगावरील पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर हा तरुण नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून, वाटेतील अनेक जिल्हे ओलांडून आल्याचे स्पष्ट झाले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडून सह्याद्रीत हलविण्याचे प्रयत्नही झाले.

ज्या कॅमेऱ्याने हे छायाचित्र टिपले, तो झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप होता. त्याच्यामागे कोणी उभे नव्हते, त्याला व्ह्यूफाइंडर नव्हता आणि आतमध्ये आरसाही नव्हता. या घटनेनंतर अभयारण्याकडे कॅमेरे घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींच्या मनात, तसेच महाविद्यालयांच्या इतिहास, प्राणिशास्त्र व वृत्तपत्रविद्या विभागांत साधनखरेदीचा विषय निघाला म्हणजे, एक प्रश्न हमखास पुढे येतो : डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? दुकानदार त्याचे उत्तर किमतीच्या भाषेत देतो आणि जाहिरात वेगाच्या भाषेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे. कॅमेऱ्यात आरसा का आला, तो का निघाला आणि येडशी परिसरासारख्या ठिकाणी नोंद करणाऱ्या अभ्यासकाला त्याचे काय सोयरसुतक, एवढीच या लेखाची व्याप्ती आहे.

काचेच्या प्लेटांचा काळ

या भूभागात कॅमेरा प्रथम आला तो पुरातत्त्वाच्या कामासाठी. धाराशिव परिसर त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि अजिंठाही त्याच राज्यात होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये दाखल झाला. त्याने वर्षानुवर्षे रंगविलेल्या प्रतींपैकी बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. मधल्या काळात गिलने कुंचल्याच्या जोडीला कॅमेरा घेतला होता; जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४ मधील लेणीविषयक पुस्तकात त्याची ७४ छायाचित्रे समाविष्ट झाली. पुस्तकाच्या अनेक प्रती निघाल्या आणि त्या अनेक ठिकाणी गेल्या. आपल्याकडील साधननिवडीच्या इतिहासातील हा पहिला मोठा धडा मानावयास हरकत नाही. प्रत एकच असली की ती जळते.

मुंबईत याच सुमारास छायाचित्रणाला संस्थात्मक रूप येत होते. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लगेच १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील जाणते सभासद होते. म्हणजे मराठी समाजातील सुशिक्षित वर्ग या विद्येपासून फार काळ दूर राहिला नाही.

धाराशिवच्या लेण्यांची पद्धतशीर पाहणी जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात केली. पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय पाहणीचा तो तिसरा हंगाम. त्याचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला असून बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेष हा त्याचा विषय आहे. नकाशे, छेद आणि मोजून काढलेली रेखाटने यांवर त्या अहवालाचा मोठा भर आहे, आणि याचे कारण समजण्यासाठी त्या काळचा कॅमेरा डोळ्यांपुढे आणला पाहिजे.

पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मध्ये चामड्याचा वा कापडाचा भाता, अशी ती लाकडी पेटी होती. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर पडलेली उलटी प्रतिमा पाही. दृश्य मनासारखे जुळले की लेन्स झाकावयाची, दुधी काचेच्या जागी प्लेट बसवावयाची आणि मग लेन्स उघडावयाची. कोलोडियनची ओली प्लेट असेल तर ती वाळण्यापूर्वी सर्व क्रिया उरकाव्या लागत; म्हणून काळोखी तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बैलगाडीतून बरोबर न्याव्या लागत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दुधी काच निघून तेथे प्लेट आली की छायाचित्रकाराला काहीच दिसत नसे. पाहणे आणि टिपणे या दोन क्रिया वेगळ्या होत्या व त्यांच्यामध्ये आंधळेपणाचा काळ होता. लेणे जागचे हलत नाही, म्हणून त्याला हा आंधळेपणा चालत असे. वाघाला तो चालला नसता. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक शिकारी छायाचित्रांत वाघ मृतावस्थेत दिसतो, त्याला शिकारीची हौस जितकी कारणीभूत आहे तितकीच कॅमेऱ्याची ही मर्यादाही आहे, असे वाटते.

आरशाचा प्रवेश

पाहणे आणि टिपणे यांतील हे अंतर मिटविण्यासाठी आरसा आला. लेन्समागे पंचेचाळीस अंशांत आरसा ठेवला की प्रतिमा वर काचेवर पडते. टिपण्याच्या क्षणी आरसा उचलला जातो आणि प्रकाश सरळ प्लेटवर जातो. या कल्पनेचे एकस्व थॉमस सटन या इंग्रज गृहस्थाने १८६१ मध्ये घेतले. मॅक्सवेल यांच्या प्रसिद्ध रंगीत छायाचित्राच्या प्रयोगासाठी त्याच वर्षी छायाचित्रे घेणारा तो हाच सटन. कल्पना मात्र काळाच्या पुढे होती. ती हाती धरण्याजोग्या यंत्रात रुजण्यास पाऊणशे वर्षे लागली. १९३६ मध्ये जर्मनीत ३५ मिलिमीटर फिल्मचा किने एक्झाक्टा निघाला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस पंचकोनी लोलक आल्यामुळे प्रतिमा सुलटी आणि डोळ्यासमोर दिसू लागली. १९५४ च्या आसाहिफ्लेक्समध्ये छायाचित्र निघताच आरसा आपोआप खाली येऊ लागला. तोपर्यंत पुढील फिल्म सरकवीपर्यंत व्ह्यूफाइंडर काळाच राहत असे. १९५९ चा निकॉन एफ हा या सर्व सुधारणांचा परिपाक होय.

महाराष्ट्रातील गावोगावच्या स्टुडिओंत मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच प्रकारचा आरसा वावरत होता. याशिकासारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरचे भिंग पाहण्यासाठी आणि खालचे टिपण्यासाठी असे. त्यातील आरसा स्थिर होता. हलणारा भाग नसल्याने आवाज कमी आणि बिघाडही कमी. लग्नसमारंभात पोटाशी कॅमेरा धरून, मान खाली घालून फोटो काढणारा छायाचित्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावयास नको. उजवे-डावे उलटे दिसे, पण हात सरावला की त्याचे काही वाटत नसे. घरगुती वापरासाठी बडोद्यात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री होता. त्यात आरसाही नव्हता आणि फोकस करण्याची यातायातही नव्हती. आयातीवरील निर्बंधांमुळे एसएलआर ही फार थोड्यांच्या हातची वस्तू राहिली. परदेशातून येणारा नातेवाईक हा अनेकांच्या बाबतीत एकमेव मार्ग होता. थोडक्यात, आज आपण ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतो तो आरशाचा कॅमेरा मराठवाड्यात सर्वसामान्य झाला तो फिल्मच्या उतरत्या काळात आणि खऱ्या अर्थाने डिजिटलमध्ये. निकॉन डी१ हा १९९९ चा. परंतु कॅनन ३००डी (२००३) आणि निकॉन डी७० (२००४) यांनी डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आणला. आपल्या भागात या परंपरेचे वय जेमतेम वीस वर्षे आहे. तिच्याबद्दल हळहळताना एवढे भान असावे.

गेजबदल

येडशीच्या वाचकाला पुढील भाग समजावून देण्यासाठी रेल्वेचा दाखला सर्वांत सोयीचा आहे, आणि तो केवळ अलंकार नाही. एव्हरार्ड काल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला. १९११ मध्ये ती येडशीमार्गे लातूरला पोहोचली. तिचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतराचे, तर कुर्डुवाडीला भेटणाऱ्या मोठ्या रेल्वेचे १६७६ मिलिमीटर अंतराचे. त्यामुळे प्रत्येक पोते, प्रत्येक प्रवासी कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलत असे. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि शतकभराची ती उतरंड संपली.

योगायोग असा की, ज्या शरद ऋतूत येडशीवरून ब्रॉडगेज गाडी धावू लागली, त्याच ऋतूत पॅनासॉनिकचा लुमिक्स जी१ हा लेन्स बदलता येणारा, आरसा वगळून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसविलेला कॅमेरा बाजारात आला. मिररलेस प्रकाराचा आरंभ तेथून धरतात. हाही एक गेजबदलच होता. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर हे कॅमेऱ्याचे गेज म्हणता येईल. आरसा उचलला जाण्यासाठी जागा लागते, म्हणून निकॉनच्या एफ बैठकीत हे अंतर ४६.५ आणि कॅननच्या ईएफ बैठकीत ४४ मिलिमीटर आहे. आरसा काढल्यावर ते निकॉन झेडमध्ये १६, सोनी ई मध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटरवर आले. अंतर कमी झाल्याने मधल्या मोकळ्या जागेत अडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे. नवी लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसविण्याचा उपयोग नाही. अडॅप्टर हे कॅमेऱ्याचे कुर्डुवाडी स्थानक होय. माल पोहोचतो, पण सगळाच सुखरूप पोहोचतो असे नाही : कॅमेऱ्यातील मोटारीवर चालणाऱ्या निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर आपोआप फोकस करीत नाहीत. असा बदल प्रथमच झाला असेही नव्हे. कॅननने १९८७ मध्ये एफडी बैठक सोडून ईएफ स्वीकारली तेव्हा हजारो छायाचित्रकारांच्या लेन्स एका दिवसात जुन्या झाल्या होत्या.

बाजाराचा निकाल लागण्यास बारा वर्षे पुरली. सोनी ए७ (२०१३) ने पूर्ण आकाराचा सेन्सर बिनआरशाच्या कॅमेऱ्यात आणला. निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये या वाटेला लागले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांची रवानगी डीएसएलआरपेक्षा अधिक झाली. डीएसएलआरचे नवे मॉडेल काढण्याचा आग्रह त्यानंतर प्रामुख्याने पेन्टॅक्सनेच धरला.

येडशीत प्रश्न कसा उभा राहतो

तंत्राच्या इतिहासात जे संपले ते अभ्यासकाच्या हातीही संपले, असे मानण्याचे कारण नाही. नॅरोगेज कालबाह्य ठरण्यापूर्वी अनेक दशके उपयोगी पडतच होती. म्हणून नोंद कशाची करावयाची, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

धाराशिवची लेणी, तेरचे त्रिविक्रम मंदिर, रामलिंगाचे देवालय आणि गावोगावचे वीरगळ ही सर्व स्थिर वस्तू आहेत. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा विटांचा चापाकार भाग मूळच्या बौद्ध चैत्यगृहाचा आहे, हे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. धाराशिवची लेणी मूळ बौद्ध की जैन, यावर अद्याप मतभेद आहेत. असे वाद शेवटी छिन्नीच्या खुणांवर, मूर्तीच्या आसनावर, झिजलेल्या कडांवर येऊन थांबतात. तेथे तिपाई, चांगली लेन्स, तिरका प्रकाश आणि मोजपट्टी यांना महत्त्व आहे. गाभाऱ्यातील अंधारात डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून काही दिसत नाही हे खरे. मिररलेसचा पडदा तेच दृश्य उजळून दाखवितो. परंतु तिपाईवरील डीएसएलआरचा आरसा वर उचलून मागच्या पडद्यावर दृश्य पाहिले की तोही त्या वेळेपुरता मिररलेसच होतो. मग दोघांच्या छायाचित्रात फरक सांगणे तज्ज्ञालाही अवघड जाईल. मोडी कागदपत्रांच्या छायाचित्रांविषयीही हेच म्हणता येईल. अशा कामासाठी जुना, सुस्थितीतील डीएसएलआर आणि उरलेल्या पैशांतून एक उत्तम मॅक्रो लेन्स घेणे, हा महाविद्यालयीन विभागापुढील अधिक शहाणपणाचा पर्याय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आणखी दोन गोष्टी डीएसएलआरच्या बाजूने जातात. काचेतून थेट पाहण्यास वीज लागत नाही. उत्पादकांच्या प्रमाणित चाचणीनुसार निकॉन डी८५० एका बॅटरीवर १,८४० छायाचित्रे काढतो, तर त्याचाच समकक्ष झेड७ फक्त ३३०. प्रत्यक्षात आकडे दोन्हींचे वाढतात, पण प्रमाण बोलके आहे. दिवसभर डोंगरात हिंडणाऱ्यास ते लगेच जाणवते. दुसरी गोष्ट धुळीची. लेन्स बदलताना डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा आणि शटर यांचा आडोसा असतो. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो. बालाघाटातील एप्रिल-मे महिन्यांचा वारा ज्याला माहीत आहे, त्याने यावर विचार करावा.

घाटातील जिवंत प्राण्यांकडे वळले की पारडे फिरते. आरसा उचलला जाण्याचा आवाज शांत रानात दूरवर जातो आणि पहिल्या छायाचित्रानंतर प्राणी मान वळवितो. दुसऱ्या छायाचित्रात त्याची पाठ असते. शिवाय छायाचित्र ज्या क्षणी निघते नेमक्या त्याच क्षणी आरसा वर असल्याने डोळ्यापुढे अंधार होतो. काचेच्या प्लेटेच्या काळातील आंधळेपणा आरशाने सेकंदाच्या अंशावर आणला खरा, पण तो पुरता नाहीसा केला नाही. २०१७ च्या सोनी ए९ ने तो जवळपास नाहीसा केला आणि तोही आवाजाविना. निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटरची एक खोड आहे. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने स्वस्त कॅमेऱ्यांत धावत्या रेल्वेगाडीचे उभे खांब तिरपे येतात. रेल्वेचा अभ्यास करणाऱ्याने अशा वेळी यांत्रिक शटरच वापरावे. वन्यजीवनाच्या नोंदीसाठी मात्र आज नव्याने खरेदी करावयाची असेल तर मिररलेसच घ्यावा. पक्ष्याचा वा प्राण्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवण्याची क्षमता आता त्यातच वाढत जाणार आहे.

कोणीही न पाहता टिपलेले छायाचित्र

आता पुन्हा त्या वाघाकडे वळू. पाहणाऱ्याचा आंधळेपणा कमी करण्याचा दीडशे वर्षांचा खटाटोप एका बाजूला आणि पाहणाराच नसलेला कॅमेरा ट्रॅप दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या वाटेलाही इतिहास आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात जंगलाच्या पायवाटेवर तार आडवी बांधून वाघाकडूनच त्याचे छायाचित्र काढविले. १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हे अशा छायाचित्रांतून दिसू लागले. १९९०च्या दशकात नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी याच आधारावर वाघांच्या गणनेची शास्त्रशुद्ध पद्धत बसविली आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावण्यात आले होते.

येडशीतील छायाचित्राला सौंदर्यदृष्ट्या फारसे मोल नसेल. ते पुरावा ठरले याचे कारण टिपेश्वरात त्याच वाघाचे आधीचे छायाचित्र तारीख-स्थळासह जपलेले होते. जुने छायाचित्र नसते तर येडशीत ‘एक वाघ’ दिसला एवढेच कळले असते. तो कोण आणि कोठून आला हे कळले नसते. बर्जेस यांच्या रेखाटनांचेही मोल अशाच प्रकारचे आहे. आज लेण्याचा एखादा खांब ढासळलेला दिसतो तेव्हा १८७८ च्या पानाशी ताडून पाहता येते.

या दृष्टीने पाहता, आरशाच्या वादात ज्याकडे दुर्लक्ष होते त्या काही बाबी आमच्या विभागांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हव्यात. कॅमेऱ्यातील घड्याळ चुकीचे असेल तर प्रत्येक छायाचित्रावर चुकीची तारीख कायमची नोंदली जाते. बॅटरी बराच काळ काढून ठेवलेल्या कॅमेऱ्यात हे नेहमी घडते आणि बहुधा कोणी पाहत नाही. मूळ रॉ फाइल ही उत्पादकागणिक वेगळी असते. कॅननचीच सीआर२ ही पद्धत २०१८ पासून सीआर३ मध्ये बदलत गेली. म्हणून मूळ फाइलबरोबर सर्वत्र उघडणारी टिफ प्रतही ठेवावी. गिलच्या प्रतींची राख लक्षात ठेवून संच किमान दोन ठिकाणी असावा, त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर. आणि ज्या जागेवरून छायाचित्र घेतले ती जागा, दिशा व लेन्सचे नाभीय अंतर वहीत लिहावे, म्हणजे वीस वर्षांनी दुसऱ्या कॅमेऱ्याने तेच दृश्य पुन्हा घेता येईल.

येडशी परिसरात असे एक काम तातडीने हाती घेण्याजोगे आहे. नॅरोगेज गाडी ज्यांनी पाहिली, तिच्यातून बार्शीला किंवा लातूरला प्रवास केला, त्यांच्या घरी फिल्मच्या निगेटिव्ह, स्टुडिओतील छापील फोटो किंवा पहिल्यावहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांची मेमरी कार्डे पडून असण्याचा संभव आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात निगेटिव्ह ठिसूळ होतात, पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते, आणि जुनी मेमरी कार्डे एक दिवस मुकाट्याने वाचावयाची थांबतात. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन ती गोळा करावी, जुन्या मार्गावरील ओळखता येतील त्या जागा शोधून काढाव्यात आणि त्याच कोनातून आजचे छायाचित्र घ्यावे. या कामाला विभागाच्या कपाटातील कोणताही चालू कॅमेरा पुरेसा आहे.